आबांचा आवाज बसला तेव्हा

माझ्या वडिलांचा, आबांचा, आवाज बसला आणि घरात सण असल्यासारखं झालं. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस. घरात चहा मागितला तरी गल्लीतली दारं उघडायची. दुसऱ्या कुठल्या गावात अशा माणसाचा आवाज एकाएकी घोगरा झाला, तर त्याला दवाखान्यात नेलं असतं. कोल्हापुरात माणूस हळू बोलायला लागला की त्याला शहाणपण आलं असं धरतात. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "ह्यांचा स्वभाव निवळला बघा." काकांनी तर संधी साधून रानाच्या वाटणीचा विषयच काढला.

उपचार म्हणाल तर ज्येष्ठमध आणि गुळण्या. शेवटी छातीत दुखायला लागलं, तेव्हा आमची वरात स्कॅनला गेली.

"आवाज कधीपासून बसलाय?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही चौघं एकदमच बोललो आणि चार वेगळे महिने सांगितले. स्कॅनमध्ये दिसलं, की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जिथं कमानीसारखी वळते, तिथं फुगा आला होता. आवाजाची नस त्यानंच दाबली होती. फुगा फुटला तर दवाखाना गाठायलाही सवड मिळणार नव्हती.

उपाय दोन टप्प्यांचा होता. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या कमानीतूनच फुटतात. आधी मानेत शस्त्रक्रिया करून त्यांना दुसरी वाट काढून द्यायची. मग जांघेतून आत एक कापडी नळी सरकवून कमानीत बसवायची, म्हणजे फुग्यात रक्त जायचं बंद.

"म्हंजे मोटर चालू ठेवून पाईप बदलायचा," काका म्हणाले.

डॉक्टर हसून हो म्हणाले, आणि तिथंच चुकले. तेव्हापासून काका दवाखान्याच्या दारात येईल त्या पावण्याला ऑपरेशन समजावून सांगत सुटले. गारगोटीची आत्या रश्श्याचा डबा घेऊन आली, चंदगडचे मामा काजू घेऊन. पेशंटला पाणीसुद्धा बंद होतं. डबा काकांनी संपवला.

मला मात्र डॉक्टरांचं एकच वाक्य सोडत नव्हतं. ऑपरेशन नीट झालं तरी मेंदूला झटका बसू शकतो; शुद्धीवर आल्यावर माणूस ओळखतो का, बोलतो का, त्यावर कळेल. मला भयंकर भीती वाटत होती, आणि बाहेर वाटणीवरनं काका नि मामांची जुंपली होती.

दोन्ही टप्पे पार पडले. घशातली श्वासाची नळी काढल्यावर मला एकटीला आत सोडलं. आबांनी डोळे उघडले, काचेपलीकडं दाटलेला सगळा गोतावळा बघितला आणि ओठ हलवले. मला काहीच ऐकू येईना. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"ही जत्रा कशाला गोळा केलीस गं? मेलोय व्हय मी?"

ओळखलं होतं, बोलत होते. मी म्हणाले, "आबा, जरा मोठ्यानं बोला की."

त्यांनी पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा ताणल्या. आवाज तेवढाच निघाला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आवाजाची ती नस कायमची गेली होती.