शंखमहालातलं न गायलेलं पद

आपल्या मासिकात भुताखेतांच्या हकिकती येतात, त्या मी भाजी निवडता निवडता वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची बाई... आमच्या रत्नागिरीत असल्या गोष्टींना तोटा नाही, आणि त्यांतल्या एकीवरही माझा कधी विश्वास बसला नाही. तेव्हा मी हे लिहायला बसले याचं घरात सगळ्यांना नवल वाटतंय. मलाही वाटतंय.

आमचे यजमान नाटकात स्त्रीपार्ट करत. नाव मी घेणार नाही. कंपनीत सगळे अण्णा म्हणत, तुम्हीही तेच म्हणा. 'संगीत शंखमहाल' या नाटकात ते सागरराजाची कन्या होत. समुद्राखालचा राजवाडा, बोलणारे मासे, शेवटच्या अंकात आकाशात उडणारं गलबत... सगळा अद्भुत मामला! त्यातल्या निरोपाच्या पदाला वन्समोअर मिळाला नाही असा प्रयोग मला आठवत नाही. पुढे बोलपट आले, बायकांची कामं बायका करू लागल्या (आणि बरंच झालं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे), आणि कंपनी बंद पडली. अण्णा घरी बसले. दाढी वाढवली. आपल्या वडिलांना दाढी येते हे आमच्या मुलांना तेव्हा कळलं.

अशात एक डायरेक्टर आले. मूळचे इकडचेच, पण मुंबईत नाव काढलेले. त्यांना 'शंखमहाल'चा बोलपट करायचा होता. मात्र खरं काही दाखवायचं नाही, सगळं चित्रात काढल्यासारखं दिसायला हवं, असा त्यांचा हट्ट. मिरजोळ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, उघड्या उन्हात त्यांनी सेट उभारला. काळ्या कातळाला आणखी काळा रंग दिला. कागदाच्या लगद्याची पोवळी केली, फळ्या कापून लाटा केल्या — त्या दोरीने पुढेमागे ओढायच्या — आणि खांबांच्या सावल्यासुद्धा ब्रशाने रंगवल्या. वर सगळीकडे चंदेरी पूड. थोडं पुढे गेलं की खराखुरा समुद्र दिसायचा! मी तसं म्हटलं, तर डायरेक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले की वहिनी, तो फारच खरा दिसतो.

नायिका देखणी होती, कष्टाळू होती, पण गळा नव्हता. म्हणून निरोपाचं पद अण्णांनी पोवळ्यांच्या आड बसून म्हणायचं आणि तिने समोर ओठ हलवायचे, असं ठरलं. अण्णांनी दाढी काढली. चेहरा दिसणार नव्हता, नाव येणार नव्हतं, तरी पहाटेचा रियाज पुन्हा सुरू झाला. त्यांच्यापाशी आता एवढं एक पदच उरलं होतं, आणि ते बिघडलं तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही, याची मला भीती वाटत होती.

मला बोलावलं होतं नायिकेला लुगडं नेसवायला. अण्णांना इतकी वर्षं नेसवलेलं, त्यामुळे हात बसलेला. त्या सकाळी सड्यावर वारा सुटला आणि ती चंदेरी पूड उडून सगळ्यांच्या नाकातोंडात गेली. मी नायिकेचा पदर टाचत होते, ओठांत टाचण्या धरलेल्या. एवढ्यात "रेडी" अशी हाक आली, आणि मी तशीच धावत पोवळ्यांच्या आड अण्णांशेजारी जाऊन बसले.

ऑर्गन सुरू झाला. तबला सुरू झाला. अण्णांनी तोंड उघडलं... आणि आवाजच नाही. नुसती हवा. ऑर्गनवाला घाबरून डायरेक्टरांकडे बघू लागला, पण ऊन ढगाआड चाललं होतं म्हणून त्यांनी हातानेच सांगितलं की थांबू नका, निदान चित्र तरी घेऊ. नायिका ओठ हलवत राहिली. अण्णांकडे मला बघवेना. मी खाली मान घालून मनातल्या मनात ते पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. ओठ टाचण्यांवर घट्ट मिटलेले — उघडले असते तर टाचण्या घशात गेल्या असत्या.

मुंबईहून गाणारी आणतो, वाईट वाटून घेऊ नका, असं डायरेक्टर अण्णांना म्हणाले. दाढी पुन्हा वाढली.

महिन्याभराने डायरेक्टर घरी आले आणि त्यांनी अण्णांना मिठीच मारली. फिल्म धुऊन आली होती, आणि तिच्यावर पद होतं! सबंध, स्वच्छ. तुम्ही इतकं हळू म्हटलंत की आम्हाला ऐकू आलं नाही, मशीनने मात्र बरोबर पकडलं, असा त्यांनी अर्थ लावला. साउंडवाला शपथेवर सांगत होता की त्याच्या कानावर फक्त ऑर्गन आणि तबला येत होता. पण फिल्मपुढे त्याचं कोण ऐकतो?

बोलपट रत्नागिरीत लागला तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसून पाहिला. पद सुरू झालं. बाईचा आवाज, गोड. अण्णांचा नव्हे. मला वाटलं, शेवटी आणली वाटतं मुंबईहून कुणीतरी. तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. चारचौघांत त्यांनी माझा हात धरला तो आयुष्यात तेवढाच.

"अगो, हा तुझा गळा."

काहीतरीच काय, असं मी म्हटलं. मी तर कधी गायलेच नव्हते. सासूबाई म्हणत, एका घरात एक गाणारा पुरे.

"पोरांना निजवतेस तेव्हा ऐकलाय मी. चुकायचा नाही."

शेवटच्या ओळीत त्या आवाजाने सुरांची एक अशी जागा घेतली की अण्णा ताठ बसले. ती त्यांनी कधी घेतली नव्हती, दुसऱ्या कुणाची ऐकलीही नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी, खेळाला आलेल्या डायरेक्टरांना सरळ सांगितलं की हा आवाज माझा नव्हे. डायरेक्टर हसले आणि पुढच्या बोलपटाचं काम देऊ लागले. अण्णांनी ते घेतलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

घरी येऊन त्यांनी तंबोरा माझ्यापुढे ठेवला. मी भीत भीत सूर लावला. गळा तोच होता, हे मलाही पटलं. पण पडद्यावरचा गळा शिकलेला होता, वर्षानुवर्षं मेहनत केलेला. माझा तर सूरही ठरेना. मग हे कुणी गायलं? मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आणि उघडलं असतं तरी मला तसं गाता आलं नसतं! चार शहाण्यांना विचारून झालं. कुणाला काही सांगता आलं नाही, आणि वाचकांपैकी कुणाला सुचलं तर मला फार हवं आहे.

तेव्हापासून अण्णा मला शिकवतात. दाढी गेली ती पुन्हा आली नाही. पद आता बरं बसलंय, पण शेवटच्या ओळीतली ती जागा काही केल्या येत नाही. परवा मी वैतागून म्हटलं, या वयात आता कुठली यायला.

अण्णा तंबोऱ्याची खुंटी पिळत होते. मान वर न करता म्हणाले,

"येईल गो. तुझ्याच गळ्यात ऐकलीय मी."