गुळाची वाट

जानेवारीच्या कोवळ्या उन्हात कढईत गूळ वितळू लागला, की त्याचा उष्ण, तांबूस सुगंध जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या आमच्या गच्चीपर्यंत दरवळतो आणि मला हटकून कोळसा आठवतो! हसलात ना? पण माझ्या माधवमामाच्या आयुष्यात ही दोन्ही एकत्रच नांदली. चंद्रपूरच्या खाणीतून पाळी संपवून वर आलं, की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. घशातली, छातीतली धूळ त्यासोबत उतरते, अशी तिथल्या साऱ्यांची अढळ श्रद्धा.

निवृत्तीनंतर मामा छाती दाखवायला जयपूरला आला. त्याला थंडी बाधू नये म्हणून मी, विम्याच्या कचेरीत लोकांना जोखीम समजावणारा विद्वान, मोठ्या हौसेनं त्याच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवली! मामा उंबऱ्यातच थबकला.

"का बे भाचेबुवा, खाण सुटली म्हणून इकडं आलो, तं तू घरातच खाण खोदली का?"

कोळसा म्हणजे निव्वळ काळा कोळसा, एवढंच माझं ज्ञान. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की त्यात निकेल, क्रोमियम, आर्सेनिकही अत्यल्प दडलेलं असतं. धुळीच्या सूक्ष्म कणांवर स्वार होऊन ते फुफ्फुसांच्या तळाशी पोचतं आणि तिथं वर्षानुवर्षं डिवचत राहतं. पृथ्वीच्या उदरातली ती प्राचीन धातुसंपदा मामाच्या श्वासात वस्तीला आली होती! नव्या एक्स-रेत जुने डाग पसरलेले दिसले, तर पुढचं अवघड होतं.

"और मामाजी, गुड़ तो पेट में जाता है, फेफड़ों में नहीं," बाई हसून म्हणाल्या.

मामा क्षणभर हिरमुसला. मग म्हणाला, "पर मॅडमजी, खुशी तो छाती में ही जाती है न?"

संक्रांतीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं: डाग होते तेवढेच होते! मात्र धूळ, धूर वर्ज्य. धावायचं नाही, ओरडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अवघं जयपूर गच्च्यांवर लोटलं होतं. मामानं खुर्चीत बसूनच पतंग चढवला. फिरकी अर्थात माझ्या हाती, कारण माझा पतंग आजवर कठड्यापलीकडे गेलेला नाही. त्यानं अलगद ढील दिली आणि शेजारचा हिरवा पतंग कटला! मामा ताडकन उठला, पतंग कापल्यावरची जयपुरी आरोळी ठोकायला त्यानं छाती भरून श्वास घेतला. आम्ही सारे श्वास रोखून उभे.

"वो..." एवढंच निघालं आणि दम सरला.

"काटा!" ज्यांचा पतंग कटला होता, त्याच गच्चीनं पुरं केलं.

मामा हसत हसत खुर्चीत टेकला आणि त्यानं हात पुढं केला. मी तिळगुळाचा लाडू ठेवला. तो कुठं जातो, हे आता आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तरीही लाडू संपल्यावर मामानं समाधानानं हात फिरवला, तो छातीवरून!