गाणं बंद करायचं बटण

"आबाक काय इचारूचा आसा? तेचे कान कधीच गेले," प्रसाद शेठ म्हणाले, आणि जेटीवरचे दोघंतिघं हसले.

मी बोटीच्या मागच्या लॉकरमध्ये डोकं घालून बसले होते. शेठ माझ्याशी बोलत नव्हते, माझ्या बॉसशी, शिरीष सरांशी बोलत होते. पण मला ऐकू आलं. आबांनाही आलं असणार, कारण ते माझ्या शेजारीच इंजिनापाशी बसून दोर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. दोराचा पुढचा वेढा तेवढा जरा जोरात आवळला.

मी तेव्हा मालवणात बोटींची इलेक्ट्रिकल कामं करणाऱ्या एका दुकानात टेक्निशियन होते. जीपीएस, मासे शोधायचा फिशफाइंडर, दिवे, पंप, आणि अलीकडे सगळ्यात जास्त स्टिरिओ. पर्यटकांच्या बोटीला आता लाइफ जॅकेटच्या आधी गाणी लागतात. प्रसाद शेठांची बोट देवबागहून संगमावर जाते, म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, आणि पुढे डॉल्फिन दाखवायला. आबा त्या बोटीचे तांडेल, बोट चालवणारे. दिगू त्यांचा खलाशी. बोटीवर स्टिरिओ बसवायचा होता, आणि पहिल्यांदाच एक पूर्ण काम सरांनी माझ्या नावावर दिलं होतं. ते नीट झालं तर पुढे बोटीवर मला एकटीला पाठवणार होते. नाहीतर मी पुन्हा काउंटरला.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिचा पुढे संबंध येतो. मी कुडाळच्या इंग्लिश मीडियमची. मालवणी सगळी कळते, पण बोलायला गेले की जीभ अडते. पुस्तकी मराठी बोलले की लोकांना वाटतं, भाव खाते. म्हणून मी कमी बोलते, आणि जे बोलते ते हळू. सर येताजाता म्हणायचे, "अगं, व्हॉल्यूम वाढव जरा."

आता कामाचं. स्टिरिओ स्वतः काही गात नाही. गाणं कुठून तरी त्यात यावं लागतं. त्या 'कुठून'ला आम्ही सोर्स म्हणतो. घरी सोर्स कुठलाही चालतो. बोटीवर नाही. तिथे खारं पाणी उडतं, ऊन असतं, सगळ्यांचे हात ओले असतात. फोन उन्हात तापला की स्वतःच बंद पडतो. ओल्या बोटांनी त्याची स्क्रीन चालत नाही. खाडीबाहेर गेलं की नेटवर्क जातं, आणि नेटवरून लावलेलं गाणं मधेच तुटतं. पेन ड्राइव्ह बरा, पण त्याचा पॉइंट खाऱ्या हवेत लवकर गंजतो. शिवाय स्टिरिओ पाण्यापासून लांब ठेवायला लॉकरच्या आत बसवतात आणि झाकणाला कडी घालतात. म्हणजे चालत्या बोटीत त्याच्यापर्यंत हात पोचत नाही.

मी सगळं मनात जुळवून आणलं होतं. एक साधा छोटा प्लेअर, दाबायच्या बटणांचा. त्यात गाणी आधीच भरलेली. वायरने जोडलेला, वॉटरप्रूफ डबीत, आबांच्या हाताशी.

स्पीकरची जागा बघायला मी बोटीच्या मध्यावर गेले. टेस्टसाठी इंजिन चालू केलं होतं.

"सर, प्लेअर घेऊ या," मी म्हणाले.

"काय म्हणाली?" शेठनी सरांना विचारलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

सरांनी खांदे उडवले. इंजिनापाशी बसलेल्या आबांनी मागून सांगितलं, "पलेअर म्हणता ता. फोन नको, पलेअर."

मी चमकून मागे बघितलं. आबा इंजिनाकडेच बघत होते.

"पलेअर कित्याक?" शेठ म्हणाले. "लोकांक आपली गाणी होयी. ब्लूटूथ लाव. जेचो तेचो फोन लावतले, नाचतले, व्हिडिओ काढतले. माका तेच होया."

"ब्लूटूथवर आवाज ज्याचा फोन लागलाय त्याच्या हातात राहतो," मी म्हणाले. या वेळी जरा मोठ्याने. "तांडेलना कमी करता येणार नाही."

"आबाक कित्याक कमी करूचा आसा? नाचाक जाता काय तो?" पुन्हा जेटीवर हसू.

आबांनी इंजिन बंद केलं. "गाणी कसलीव लावा रे," ते म्हणाले. "पण संगमार माका दिगूचो आवाज होयो. थंय माका पाणी दिसणा नाय."

हे कळायला बोटीत मागे बसावं लागतं. मी बसून बघितलं. समोर छत, छताखाली माणसं, माणसांच्या डोक्यावर टोप्या. पुढचं पाणी दिसतच नाही. आणि संगमावर ओहोटीला वाळूचे पट्टे वर येतात, तेही दर वेळी त्याच जागी नाही. दिगू पुढच्या टोकावर उभा राहून पाण्याचा रंग बघतो आणि ओरडतो, "भायर घे", "आत घे". आबा त्या आवाजावर सुकाणू फिरवतात. तेवढा टप्पा बोट डोळ्यांवर चालत नाही, दिगूच्या हाकेवर चालते. देवबागचे सगळेच असंच करतात. यात नवीन काही नाही. नवीन होता तो स्टिरिओ.

परत येताना मी गाडीत सरांना हे सांगितलं.

"कस्टमरला जे हवं ते द्यायचं," सर म्हणाले. "तू टेक्निकल बघ."

मला वाटलं होतं हे टेक्निकलच आहे. पण मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी मधला मार्ग काढला. बऱ्याच स्टिरिओंना मागे एक बारीक वायर असते, म्यूट वायर. तिला बॅटरीची निगेटिव्ह जोडली की आवाज बंद, सोडली की चालू. गाणं कुठल्याही फोनवरून येवो. त्या वायरला मी एक लाल बटण लावलं, अंगठ्याएवढं, पाण्यात भिजलं तरी चालणारं. ते आबांच्या बाकाच्या फळीत बसवलं, उजव्या गुडघ्यापाशी. सरांना विचारून. ते फोनवर होते, "लाव, लाव" म्हणाले.

"ह्या काय गो?" आबांनी विचारलं.

"गाणं बंद करायला."

"दाबला की बंद?"

"परत दाबलं की चालू."

त्यांनी हाताने दाबून बघितलं, मग गुडघ्याने. दोन्ही हात सुकाणूवर ठेवून गुडघ्याने दाबता येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "बरा केलंस, चेडवा," ते म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी. दिगूने पुढून विचारलं, "आबा, बायलेचो आवाज बंद करूचा बटण मिळता काय इचारा." आबा म्हणाले, "तुझ्या बायलेन आधीच घेतला आसा. म्हणान तू हंय येवन बोंबलतंस." मी हसले. कामावर असताना मी सहसा हसत नाही.

ब्लूटूथ शेठना हवं तसं दिलं. काम संपलं. मला वाटलं, निभावलं.

काही आठवड्यांनी मी आरोंद्याला एका होडीवर फिशफाइंडर बसवायला गेले, एकटी. परत आले तर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ते लाल बटण पडलेलं. वायरी कापलेल्या, टोकाला वाळलेलं सिलिकॉन.

"सर, हे?"

"शेठचा फोन आला होता. रिव्ह्यू खराब आला. बोटवाला ऐन मजेत गाणं बंद करतो, असं लिहिलंय. मीच जाऊन काढून आलो, भोक सिलिकॉनने बुजवलं."

"पण संगमावर..."

"अगं, काय? मोठ्याने बोल."

"काही नाही," मी म्हणाले, आणि ड्रॉवर लावला.

त्यानंतर अपघात झाला. तो मी बघितला नाही. दिगूने जेटीवर सांगितला तसा सांगते. दुपारची ओहोटी. एका कुटुंबाचा वाढदिवसाचा ग्रुप, केक वगैरे. त्यांच्यातल्या एकाचा फोन ब्लूटूथला लागलेला, आवाज पूर्ण वर. संगम आला तसं आबांनी हात हलवून गाणं बंद करायची खूण केली. ग्रुपला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. त्यांनीही हात हलवले. एकाने आबांचा व्हिडिओ काढला. दिगू पुढे "भायर घे, भायर घे" करून बोंबलत होता. मग तो बाकांवरून मागे धावायला लागला, पण मधे माणसं नाचत होती. बोट वाळूवर चढली, आडवी झाली, आणि लाट बाजूने आत आली. एक वयस्कर बाई बाकावरून पडल्या. मनगट मोडलं. बाकी सगळे भिजले, घाबरले, वाचले.

बोटवाल्यांच्या संस्थेने बैठक बोलावली. जेटीजवळच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा. तांडेलची चूक ठरली तर त्याला संस्थेच्या कुठल्याच बोटीवर घेत नाहीत. आबांना दुसरं काम नव्हतं, आणि त्यांच्या वयात दुसरं मिळणारही नव्हतं.

सरांना बोलावलं होतं, स्टिरिओत काही बिघाड होता का ते सांगायला. त्यांनी मला सोबत नेलं. दारातच म्हणाले, "तू फक्त उभी राहा. विचारलं तर सिस्टिम ओके होती म्हणायचं. शेठची अजून दोन बोटींची कामं यायची आहेत."

सिस्टिम ओके होतीच. तेच तर झालं होतं.

शेठ शुद्ध मराठीत बोलत होते. बैठकीत सगळेच तसं बोलतात. "आबांबद्दल मला आदर आहे. पण वय झालं. कान गेलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. दिगू एवढा ओरडला, यांना ऐकू आलं नाही. मी माझ्या पर्यटकांचा जीव असा धोक्यात घालू शकत नाही." दोघांनी माना डोलावल्या. जेटीवरचा विनोद आता पुरावा झाला होता.

"आबा, तुमका काय सांगूचा आसा?" अध्यक्षांनी विचारलं.

"गाणी मोठी होती," आबा म्हणाले.

"गाणी सगळ्यांच्याच बोटीत असतात," शेठ म्हणाले. आबा पहिल्या रांगेत होते, पाठमोरे. बटणाचं ते बोलले नाहीत. मला आधी वाटलं, विसरले. नंतर कळलं, त्यांनी माझं नाव मधे येऊ दिलं नव्हतं.

सरांनी दोन मिनिटांत सांगितलं की सिस्टिम ओके होती. मला कोणी काही विचारलं नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगते, म्हणजे मग शेवटी सांगायला काही उरणार नाही. आबांचं नाव संस्थेच्या यादीत राहिलं. पण शेठनी त्यांना आपल्या बोटीवर परत घेतलं नाही, तरुण तांडेल ठेवला. आबा आता एका लहान होडीवर असतात, तिच्यावर स्टिरिओ नाही. त्या बाईंचं मनगट पूर्वीसारखं झालं नाही, असं ऐकलं. शेठच्या दोन बोटींची कामं दुसऱ्या दुकानाला गेली. सरांनी मला काढलं नाही, काउंटरला बसवलं. मग मीच सोडलं. आता मी कुडाळच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल जोडते. तिथे कस्टमर नसतो. शेठच्या बोटीवर अजूनही ब्लूटूथच आहे.

या कामातून शिकले ते एवढंच. बोटीसाठी सोर्स निवडताना लोक विचारतात, आवाज कुठल्याचा चांगला, गाणी किती मावतात, बॅटरी किती चालते. पहिला प्रश्न तो नाही. पहिला प्रश्न असा की गाणं बंद कोण करणार, आणि तो माणूस कुठे बसतो. याचं उत्तर नसेल तर स्टिरिओ बसवू नका. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला सापडलं नाही, आणि मी सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही.

तर ती खोली. अध्यक्ष म्हणाले, "मग ठरवूया?" लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी चहाचं विचारलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. सर माझ्या शेजारीच होते.

"तिथे बटण होतं," मी म्हणाले.

सरांनीसुद्धा वळून बघितलं नाही. पंखा फिरत होता, सगळे आपापसात बोलत होते. मी पुन्हा म्हणणार नव्हते. मी पुन्हा कधीच म्हणत नाही.

पहिल्या रांगेतून आबा वळले. "गप रवा रे जरा," ते म्हणाले. "ता चेडू कायतरी सांगता."

खोली शांत झाली. सर पुटपुटले, "अगं, नको." अध्यक्षांनी मान उंच करून मागे बघितलं. "बोला मॅडम. जरा मोठ्याने."

"शेठच्या बोटीत जाऊन बघा," मी म्हणाले. "आबांच्या बाकाला, उजव्या गुडघ्यापाशी, सिलिकॉन भरलेलं भोक आहे. तिथे गाणं बंद करायचं बटण होतं. मी बसवलं होतं. शेठनी सांगितलं म्हणून सरांनी काढलं. आणि कानांचं म्हणाल, तर आत्ता मी पहिल्यांदा बोलले ते या खोलीत फक्त आबांना ऐकू आलं."