पाठीवरची पऱ्हाटी

टी-शर्ट काळाच का, हा प्रश्न आई मला कित्येक वर्षांपासून विचारते आहे. मी दारव्ह्याजवळच्या बोरी गावात राहते आणि लांबलांबच्या बँडांसाठी टी-शर्टवरची चित्रं काढते. बँड म्हटलं की गावात लोकांना वरातीपुढचे वाजंत्री आठवतात. माझे बँड तसले नाहीत. चार केसाळ पोरं असतात, दोन गिटारी, एक ड्रम, आणि गाणारा घसा फाडून ओरडत असतो. त्यांना कवट्या हव्या असतात, कावळे हवे असतात आणि बँडचं नाव अशा अक्षरांत हवं असतं की कुणाच्या बापाला वाचता येऊ नये. एकदा आईनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे नाव होय का बोरीच्या काट्यायचं कुंपन?" मी तेच उचलून बँडला कळवलं, तर ते बेहद्द खूश झाले.

सुरुवात मात्र गावातल्याच गायन पार्टीपासून झाली. जयंतीच्या मिरवणुकीत गाणाऱ्या आमच्या वस्तीतल्या पोरांना सारखे टी-शर्ट हवे होते आणि चित्रं काढणारी मी एकटीच होते. निळ्या कापडावर पांढरी ढोलकी आणि तिच्यामागून उगवणारा सूर्य. आज ते चित्र पाहिलं तर हसू येतं. पण मिरवणुकीच्या दिवशी ढोलकी कडाडत होती, पोरं घामानं निथळत होती आणि माझा सूर्य प्रत्येकाच्या छातीला चिकटून नाचत होता. मी गर्दीत उभी राहून नुसती बघत होते. पुढं वर्षभर तेच टी-शर्ट मला नळावर दिसले, पानठेल्यावर दिसले, दारव्ह्याच्या जीपला मागं लटकलेले दिसले. विटले, उसवले, एकाचं तर पोतेरं झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की टी-शर्टचं चित्र कागदावर पुरं होत नाही. बाजूला गाणं वाजत असताना कुणाच्या तरी अंगावर ते हललं पाहिजे.

पुढं पार्टीतली पोरं एकेक करून पुण्याला कंपनीत लागली आणि माझं काम इंटरनेटवर गेलं. फाइल पाठवली की संपलं. टी-शर्ट कुठंतरी छापले जायचे, कुठंतरी विकले जायचे. कार्यक्रमाचे फोटो मी मोठे करकरून पाहायची, पण अंधाऱ्या हॉलमध्ये काळ्या टी-शर्टवर काय दिसणार, कप्पाळ! इतकी चित्रं काढली आणि त्यातलं एकही मी अंगावर पाहिलं नाही, याची मला रुखरुख नव्हती असं नाही. राग यायचा. कुणावर, ते सांगता यायचं नाही.

मग पोलंडच्या एका बँडचं काम आलं. त्यांचा गाणारा शेतकऱ्याच्या घरचा होता, आणि हिशेबी प्रश्नांऐवजी तो मला तिथल्या हिवाळ्याबद्दल लिहायचा. त्याला कवटी नको होती. सगळं देऊन झालेलं आणि तरी उभं असलेलं काहीतरी काढ, एवढंच त्यानं सांगितलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या वावरात कापसाची वेचणी संपलेली पऱ्हाटी उभी होती. पानं झडलेली, बोंडं उघडी पडलेली, आत काही नाही. तीच काढली. पाठभर एक झाड आणि दोन्ही बाह्यांवर मनगटापर्यंत उतरणाऱ्या फांद्या, कारण तिकडची थंडी बघता टी-शर्ट फुल बाह्यांचा होता. त्याला वाटलं, मी मनानंच कुठलं तरी फूल रचलंय. मी ते तसंच राहू दिलं. कापसाचं झाड म्हणून सांगितलं असतं तर त्यातली जादू गेली असती, असं तेव्हा वाटलं.

तो टी-शर्ट त्यांचा सगळ्यात जास्त चालला. त्यानं पत्ता मागितला, तुला एक पाठवतो म्हणाला. नेमकं तेव्हाच त्यांचं भारतात यायचं ठरत होतं, बंगलोरला कार्यक्रम होणार होता. मी लिहिलं, पाठवू नकोस, मी येऊन हातानं घेईन. मग मी रोज त्या हॉलची स्वप्नं रचू लागले. ड्रम सुरू होईल, समोरच्या पोरांच्या पाठी हलतील आणि पाठीपाठीवर माझी पऱ्हाटी असेल. आईलाही सांगून ठेवलं. ती म्हणाली, "एकटी जाशील एवढ्या दूर? त्या भुतायसाठी?" पण दुसऱ्या दिवशी तिनंच वरच्या फळीवरची बॅग काढून झटकून ठेवली.

कार्यक्रम आधी पुढं ढकलला गेला. मग एका सकाळी त्याचा मेल आला की बँड मोडला. ड्रमवाल्याला मूल झालं होतं, दुसऱ्यानं गाव सोडलं होतं, आणि तो स्वतः आता शेती बघणार होता. शेवटी आभार मानले होते. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्या चार माणसांसाठी मी दोन दिवस रडले. बॅग मात्र बरेच दिवस खालीच होती.

या वर्षी वेचणीच्या दिवसांत, संध्याकाळी मी दाराशी उभी होते. मजूर बायांचा टेम्पो थांबला आणि आमच्या मागच्या घरची काकू खाली उतरली. वेचणीला जाताना बाया लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा सदरा चढवतात, नाही तर वाळल्या बोंडांनी हात सोलून निघतात. काकूनं सदऱ्याऐवजी काळा टी-शर्ट घातला होता. ती पाठमोरी होऊन आपलं टोपलं घेत होती. तिच्या पाठीवर माझी पऱ्हाटी होती.

मी चप्पल न घालता धावले. "काकू, हे कुठून आनलं तुमी?"

"दारव्ह्याच्या बाजारातून. थो बाहेरदेशातल्या जुन्या कपड्यायचा ढीग राह्यते न, त्यातून," ती म्हणाली. "काहून वं? कोनाचा हाय का?"

"हे चित्र मी काढलं."

"हाव, अन् मी छापलं," ती हसली.

मी घरातून फोन आणून चित्र दाखवलं. तिनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बाहीकडे. "अवं माय! मंग हे आपल्याइकडचीच पऱ्हाटी काय? मी म्हनो, बाहेरदेशात कापूस कोन पेरलं." मग बाही ताणून बघत म्हणाली, "लय उंच काढली पन तूनं. एवढी पऱ्हाटी तुह्या आजानं तरी पाह्यली का?"

मी तो टी-शर्ट मागितला. नवा देते म्हटलं, दोन देते म्हटलं. काकू बधली नाही. "वेचनी सरू दे, मंग ने. आता मी काय घालू? याची बाही काय मस्त हाय, काटा लागत नाही. तुले पाहाचंच हाय त वावरात ये न उद्या."

मी गेले. सकाळी बायांबरोबर टेम्पोत बसून गेले. पऱ्हाटीवर दव होतं. काकूनं कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली आणि ओळीला लागली. पाठीवरचं झाड जागोजागी तडकलं होतं, पांढरा रंग धुऊन धुऊन पिवळट झाला होता. तिकडं कुणीतरी तो खूप घातला होता. कोण होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याला कुठल्या गाण्यावर घाम फुटला तेही नाही. मी खिशातून फोन काढला.

"या कपड्यावाल्यायचं गानं लावू का, काकू?"

"लाव न."

मी आवाज पूर्ण वाढवला. पोलंडचा तो पोरगा आमच्या वावरात ओरडायला लागला आणि बाया पोट धरून हसल्या. "याले इच्चू चावला का वं?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "याच्या मायनं दवाखान्यात नेलं पाह्यजे." काकूही हसली, पण हात थांबवले नाहीत. "ढोल बाकी दनकून वाजवते कोनतरी," ती म्हणाली. ड्रम वाजत होता आणि ती वाकून पुढं सरकत होती. बोंडाकडे हात जायचा, ओटीकडे यायचा, पुन्हा बोंडाकडे. तिच्या खांद्यांबरोबर माझ्या फांद्या हलत होत्या. मी इतकी वर्षं जे मागत होते ते हेच होतं, आणि ते असं समोर चाललं होतं. तरीही मला तो हॉल हवा होता. तो अंधार, ती गर्दी, ती चार पोरं. अजूनही हवा आहे. एक मिळालं म्हणून दुसऱ्याची ओढ सुटत नाही.

गाणं संपलं. वावरात एकदम शांत झालं. काकूनं मागं न वळता विचारलं, "झालं काय?"

"झालं."

"मंग नुसती उभी काहून? वेच."

फोन ठेवून मी ओढणीची ओटी केली आणि शेजारच्या ओळीला तिच्या मागंच लागले, कारण पुढं गेले असते तर तिची पाठ दिसली नसती. बांध जवळ येऊ लागला तसा मी हात मंद केला, ओळ सरू नये म्हणून. काकू मात्र सरसर वेचत पुढं निघून गेली.