परत गेलेलं रजिस्टर

आमच्याकडं तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. पोरगी पसंत नसली की ‘कळवतो’, ट्रॅक्टर द्यायचा नसला की ‘बघू’. शाळेत ‘रिफ्यूज’ म्हणजे नाकारणे असं घोकलं होतं, पण तो शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला, तोही पोस्टमनच्या हातून.

वडील गेल्यावर जमिनीला आम्ही दोघं वारस लागलो, मी आणि धाकटी बहीण. तिनं हक्कसोडीवर सही करावी, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "बघू." म्हणजे नाहीच, हे मी ओळखलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

श्रावणात पोस्टमन महाळुंगे पडवळला आमच्या दारात रजिस्टर घेऊन आला. पाठवणारी बहीण, मुक्काम निमगाव सावा. बहिणीचं रजिस्टर म्हणजे वाटणीची नोटीस, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पत्ता तिच्याच अक्षरात होता. म्हणजे वकिलानं शेजारी बसून लिहून घेतला असणार, एवढी माझी अक्कल.

"मी घरी न्हाई असं लिव्हा," मी म्हणालो.

"भाऊ, समोर तर उभं हाय की तुमी. घ्यायचं नसंल तर रिफ्यूज लिवतो. पण कोर्टात ते मिळाल्यासारखंच धरत्यात बरं का."

हा कोर्टाचं बोलतोय, म्हणजे यालाही आतलं ठाऊक दिसतंय. "लिव्हा," मी म्हणालो.

राखीपौर्णिमेला राखी आली नाही. "बघ, पाप होतंच तिच्या मनात," मी बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "ते रजिस्टर पुनवंच्या आधीच आलं व्हतं ना?"

मी उठून कॅलेंडरवर तारीख बघितली.

दुसऱ्या दिवशी निमगावला गेलो. बहिणीनं पाणी दिलं आणि कपाटातून न फोडलेलं पाकीट काढलं. त्यावर पोस्टमनच्या हातचा तो इंग्रजी शब्द होता.

"मागल्या साली साध्या टपालानं राखी पोचलीच नव्हती. म्हणून औंदा रजिस्टर केलं," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता तरी घे, दादा."

मी हात पुढं केला. आणि घेता घेता बोटांनी पाकीट चाचपलं, आत घडी घातलेला कागद लागतो का ते.

तिनं ते पाहिलं.

"कागद नाय त्यात," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.