चिकटपट्टीच्या बाई

आमच्या नेरुळच्या शाळेत एखाद्या वर्गात खुर्ची उडाली, की आम्ही सगळे शिक्षक दाराकडे सरायचो आणि एक बाई मात्र तिथल्या तिथे फरशीवर बसायच्या. बसतानाही दार अडवायच्या नाहीत. "लेकराला बाहेरची वाट दिसली पायजे, सर," म्हणायच्या. मूळच्या मराठवाड्यातल्या, राहायला खांदेश्वरला. ज्या मुलांना स्वतःचा राग आणि भीती आवरत नाही, अशांसाठी नेमलेल्या त्या विशेष शिक्षिका. मुलांनी फाडलेल्या वह्या जोडत बसायच्या, म्हणून सगळी शाळा त्यांना चिकटपट्टीच्या बाई म्हणायची.

मी गणिताचा मास्तर आणि खरं सांगायचं तर भित्रा. नववीचा तास असला की मी आधी दाराजवळची जागा धरायचो, कारण त्या वर्गात ऋतुजा होती. सारसोळ्याची ही काटकुळी मुलगी कधी बाकावर डोकं टेकून रडेल आणि कधी डबा भिंतीवर आपटेल, याचा नेम नव्हता. मी तिच्या चाचणीतले दोन मार्क वागणुकीपायी कापायचो. बाई ते परत द्यायला लावायच्या. "गणिताचे मार्क गणिताला द्या. डब्याचं आपण निराळं बघू." मला ते निव्वळ लाड वाटायचे.

वार्षिक परीक्षेआधी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बजावलं होतं, नापास झाली तर दाखला घेऊन जा. त्यामुळे पोरगी आधीच धास्तावलेली. बाईंनी मला एकच गोष्ट सांगितली होती, वेळ संपत आल्याचं ओरडून सांगू नका. आणि मी नेमकं सवयीने ओरडलो, "शेवटची दहा मिनिटं!" ऋतुजाने उत्तरपत्रिका टराटरा फाडली. कंपास माझ्या कानाजवळून गेला. "मी नाय देनार पेपर!" भीतीपोटी मी मार्कांच्या यादीवर तिच्या नावापुढे लाल शाईने शून्य लिहिलं, आणि वर तिला ते दाखवलं.

क्षणात ती बाहेर जिन्याच्या कठड्यावर जाऊन बसली. तिसरा मजला, पाय बाहेर सोडलेले. बाई आल्या आणि तिच्यापासून चार पावलांवर खाली बसल्या.

"काय झालं गं?"

"सरांनी शून्य दिला. आता मना शालेतून काढतीन."

"सरांनी अजून पेपर तपासलाच नाही. होय ना, सर?"

मी कशीबशी मान हलवली. तिने एक पाय आत घेतला, मग दुसरा. आई येऊन तिला घरी घेऊन गेली, तेव्हा बाईंनी आपले हात माझ्यापुढे धरले. ते थरथर कापत होते. "मी भीत नाही असं वाटलं व्हय तुम्हाला? उभं राहवत नाही म्हणून तर बसते. आता पेपर तपासा, माझा शब्द तेवढा खरा करा."

वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यातून तुकडे काढून त्यांनी पेपर जोडला. चाळीसचा पेपर, चौदाला पास. मी सरळ वीस लिहिले. बाईंनी कागद परत माझ्याकडे सारला. "भिऊन दिलेले मार्क तिच्या काय कामाचे? तपासा." तपासले, तर बारा. दोन मार्कांनी मुलगी जाणार होती. इतक्यात बाईंना दिसलं, की एक कोपरा जोडलेलाच नाही. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बाकांखाली शोधत राहिलो. पंख्याच्या वाऱ्याने तो कपाटाखाली गेला होता. त्यावर एक अख्खं गणित होतं, पायऱ्यांसकट बरोबर. त्याचे चार मार्क मिळून सोळा झाले. मला रडूच आलं.

पुढच्या महिन्यात बाईंचं कंत्राट संपलं आणि शाळेने ते वाढवलं नाही. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. मी गेटपर्यंत गेलो, तर त्यांनी पर्समधली अर्धी राहिलेली चिकटपट्टी माझ्या हातात दिली. "संपली की नवी आणा," एवढंच म्हणाल्या.

त्यांची जागा अजून रिकामी आहे. आता खुर्ची उडाली की मला बोलावतात, आणि मी खाली बसतो. नवे शिक्षक म्हणतात, सर फार धीराचे. परवा सातवीतल्या एका मुलीने पेपर फाडला. तुकडे जोडले, बेरीज करायला घेतली आणि थांबलो. एक कोपरा कमी होता. हात कापत होते. तसाच गुडघ्यांवर बसलो आणि कपाटाखाली हात घातला.