काचेआडचा महिपती

मनकर्णाशी बोलायचं तर तिच्यासमोर उभं राहावं लागायचं. पाठीमागून हाका मारून घसा कोरडा केला तरी ती वळायची नाही, आणि नवीन माणसाला वाटायचं, बाई भलतीच शिष्ट आहे. शिष्ट कुठली? गिरणीत बॉबिनी भरता भरता अर्धं आयुष्य गेल्यावर कान उरतात कुणाचे! आमचं खातं मागांच्या शेडला चिकटून होतं. सगळे माग एकदम चालायला लागले की शेजारणीनं कानाशी बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून गिरणीतल्या बाया आवाज काढायच्याच नाहीत. शब्द नुसता ओठांवर नीट घडवायचा आणि चार यंत्रं पलीकडच्या बाईला दाखवायचा. सासूची गाऱ्हाणी, पोरांची दुखणी, जॉबरची, म्हणजे आमच्या मुकादमाची, टिंगल, सगळं बिनआवाजी. जॉबर मधोमध उभा असायचा आणि त्याच्याच मिशीवर आम्ही हसत असायचो.

या बोलण्यात एक सोय होती. ऐकायचं नसलं तर मान खाली घातली की झालं. समोरचीनं मग हवं तेवढं तोंड हलवावं. भांडण झालं की बाया हप्ता हप्ता एकमेकींसमोर माना खाली घालून बॉबिनी भरायच्या. शिवीगाळ परवडली, पण ती खाली घातलेली मान फार लागायची.

मी येसू. मनकर्णाच्या शेजारच्या यंत्रावर आणि शेजारच्याच खोलीत माझं आयुष्य गेलं, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालते.

ती मंद्रूपची. लग्न होऊन करकंबला गेली आणि वर्षाच्या आत तिची आई वारली. बाप आधीच गेलेला. मागे राहिला तान्हा भाऊ, महिपती. मनकर्णा त्याला कडेवर घेऊन सासरी परतली. नवरा म्हणाला, "हे म्हायेरचं लेंढार तरी ठेव, न्हायतर मला तरी ठेव." मनकर्णानं पोराला उचललं, सोलापूर गाठलं आणि गिरणीत लागली. नवऱ्याची कधी आठवण येते का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "दोघांतलं येक रडत हुतं. त्येला उचललं." पुन्हा मी कधी विचारलं नाही.

महिपतीला गळा होता. चाळीमागच्या मारुतीच्या देवळात भजनाला बसायचा, तेव्हा म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या. घरी आला की तेच भजन त्याला मनकर्णासमोर पुन्हा म्हणावं लागे. तोवर तिचे कान अधू झाले होते. ती त्याच्यापुढे मांडी घालून बसायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. "त्वांड उघड. सबुद गिळू नको. काय गातूस त्ये मला दिसाय पायजे." एखादा शब्द दातांतच राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. पोर रडकुंडीला यायचं, पण ही हटायची नाही. तिनं त्याचं गाणं ऐकलं कमी, पाहिलं जास्त. त्याला दुसरा गुरू नव्हता. पुढे त्याचं साधं बोलणंही तसंच झालं. प्रत्येक शब्द ओठांवर आकार घेऊन बाहेर पडायचा. पाण्याचा तांब्या मागितला तरी लांबून वाचता यावा असा.

मॅट्रिक होऊन तो मुंबईला गेला. कापडाच्या कसल्याशा गोदामात कारकून झाला. पहिल्या दिवाळीला आला, दुसऱ्या दिवाळीला त्याचं कार्ड आलं. नंतर कार्डंही विरळ झाली. मनकर्णा तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. पण सुट्टीच्या दिवशी ती माझ्या दारात येऊन बसायची आणि काहीच बोलायची नाही. मी भाकरी थापायची, ती बघायची. तिच्या खोलीत तिच्याशी तोंड हलवायला कुणी उरलं नव्हतं. बहिऱ्या माणसाचं एकटेपण फार दाट असतं. रस्त्यावरचा गलकाही त्याला सोबत करत नाही.

मग ती टीव्हीची स्पर्धा आली. नव्या गायकांची. दर बुधवारी संध्याकाळी गाणी व्हायची, परीक्षक हातात आकड्यांच्या पाट्या धरायचे आणि ज्याचे आकडे कमी तो घरी जायचा. महिपतीची तिथं निवड झाली. टीव्ही मुंबईला होता, पुण्याला होता, सोलापूरला नव्हता. आमच्या चाळीत तर तो कुणी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. पाहिलेला एकच, कल्लप्पा. तो अक्कलकोटकडचा, चादरींचे गठ्ठे ट्रकमधून पुण्याला न्यायचा. पुण्यातलं एक दुकान दर्शनी काचेत टीव्ही लावून ठेवायचं आणि संध्याकाळी बाहेर ही गर्दी जमायची. कल्लप्पा त्या गर्दीत उभा राहून बघायचा आणि गुरुवारी येऊन चाळीच्या चौकात सगळं सांगायचा.

सांगणारा कल्लप्पा, म्हणजे मीठमसाला आलाच. "पांडरा सदरा घातलावता बघ. क्येस हे असं मागं. टकल्या मास्तरनं आट दिलं, चष्म्यावाल्यानं नऊ दिलं." ज्यांनी टीव्ही पाहिला नव्हता ते त्या टकल्या मास्तरला शिव्या देऊ लागले. पण गाणं कसं झालं म्हटलं की कल्लप्पा हात झटकायचा. काचेतून आवाज बाहेर यायचाच नाही. एकदा हा गडी गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून आत शिरला. अंगात मळका बनियन, खांद्यावर टॉवेल. दुकानदारानं जरा वेळ सोसलं आणि बाहेर काढलं. पण तेवढ्यात कल्लप्पानं परीक्षकांचे शब्द ऐकले होते. "ह्या मुलाचे शब्द फार स्वच्छ आहेत, म्हनले." मनकर्णा त्याच्या तोंडाकडेच बघत होती. त्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, "येसू, सबुद सवच्छ हायत म्हनं." मग स्वतःशीच हसत बसली.

असा आठवड्यातून एकदा, कल्लप्पाच्या तोंडून, तिचा भाऊ तिला भेटत होता. एकेक गायक गळत गेला आणि महिपती शेवटच्या फेरीत पोचला. तेव्हा कल्लप्पानं खबर आणली. शेवटच्या फेरीत गाण्याआधी एक बाई प्रत्येकाला घरादाराचं विचारणार होत्या. दुकानाबाहेरचे लोक तसं बोलत होते.

"मग मी येनार," मनकर्णा म्हणाली.

"आक्का, काय ऐकू याचं न्हाय तितं. काच हाय."

"मला हितं तरी कुटं ऐकू येतंय? डोळं हायत की. माजं नाव घेतलं तर मला दिसंल."

तिला एवढंच हवं होतं. पोरानं जिंकावं असंही ती म्हणाली नाही. साऱ्या जगासमोर त्याचे ओठ आपल्या नावाभोवती हललेले तिला एकदा बघायचे होते. ज्या बाईचं नाव कुणी कशावर लिहिलं नाही, तिनं एवढी हाव धरली तर काय बिघडलं?

दोघींनी गिरणीत खाडा केला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आम्ही कल्लप्पाच्या शेजारी ट्रकमध्ये बसलो. मनकर्णानं लग्नकार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, "तू त्येला बघनार हायस, त्यो तुला न्हाय." ती म्हणाली, "आसू दे की."

दुकानासमोर लोक दाटीवाटीनं उभे होते. कल्लप्पानं "सोलापूरची मानसं हायत, त्येची भन हाय" असं सांगत आम्हाला पुढे घातलं आणि तो ट्रकपाशी गेला, रस्त्यात उभा केला म्हणून पोलीस ओरडत होता. पुणेकरांनी वाट दिली. एकीनं मनकर्णाला नमस्कारसुद्धा केला. काचेपलीकडे पेटीएवढा टीव्ही, त्यात करडी माणसं. आणि मग महिपती दिसला. गाल भरले होते. कोट घातला होता. मनकर्णानं माझा दंड धरला.

बाईंची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे त्यांनी काय विचारलं ते दिसलं नाही. महिपतीचं तोंड मात्र समोर होतं.

"नाही," तो म्हणाला. "घरी कुणीच नाही. आई मी तान्हा असतानाच गेली."

बाईंची मान हलली.

"मी एकटाच वाढलो," तो म्हणाला. आणि पुढे, "गाणंही कुणी शिकवलं नाही. एकट्यानंच शिकलो."

मागून कुणीतरी कुरकुरलं, "काय बोलतोय कोण जाणे." त्या गर्दीत कळलं ते आम्हा दोघींनाच. पुसट दिसलं, चुकून वाचलं, असं म्हणायला जागा नव्हती. त्यानं एकही शब्द गिळला नव्हता. "कुणीच नाही" म्हणताना ओठ गोल झाले, ताणले गेले, उघडले, सगळं तिनं शिकवलेलं. दुसरा कुणी असता तर अर्धं दातांत राहिलं असतं आणि तिला आशेला जागा मिळाली असती.

दंडावरची तिची पकड सुटली. मला वाटलं, ही आता निघेल. ती हलली नाही. तो गायला लागला आणि संपेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पाट्या वर झाल्या, महिपती दुसरा आला. लोकांनी तिचं अभिनंदन केलं आणि तिनं सगळ्यांना हात जोडले. मला त्या क्षणी काच फोडावीशी वाटली. पलीकडे महिपती नव्हता, नुसती पेटी होती, हे कळत असूनसुद्धा.

परतताना कल्लप्पानं तिच्याकडे तोंड वळवून विचारलं, "मग आक्का? काय म्हनला?"

मी मधे बसले होते. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. मनकर्णा पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "माजं नाव घेतलं. आक्कानं वाडीवलं म्हनला. गानं बी तिनंच शिकीवलं म्हनला."

कल्लप्पा इतका खूश झाला की रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवत सुटला. "व्हय का वं येसूबाई?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी वाचलं होतं हे तिला माहीत होतं. तिला ते माहीत आहे हे मलाही माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. जगात ती एक गोष्ट जाणणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि त्यामुळे ती माझ्याशीही जरा तुटकच वागू लागली. सुट्टीच्या दिवशी माझ्या दारात येऊन बसणं थांबलं. ते मला फार लागलं, पण तिची चूक मी धरत नाही.

गिरणीत मात्र बाया सारख्या विचारायच्या. यंत्रांच्या रांगेतून तोंडं हलायची, काय म्हणाला, पुन्हा सांग. आणि मनकर्णा हात न थांबवता ओठांवर शब्द घडवून सांगायची, माझं नाव घेतलं. इतकं स्वच्छ सांगायची की कुणालाही खरं वाटावं. ती सांगायला लागली की मी बॉबिनींत मान घालायची.

दिवाळीला महिपती आला. हातात पेढ्यांचा पुडा, अक्काला साडी. चाळ लोटली. दगडाबाई आमच्यात सगळ्यांत म्हातारी. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "टीव्हीवर आक्काचं नाव काडलास रं लेकरा. पांग फेडलंस बग तिचं."

महिपतीचा चेहरा पडला. त्याला काही समजेना. एकेकजण तेच म्हणत होता. अक्कानं वाढवलं म्हणालास, अक्कानं शिकवलं म्हणालास, लई चांगलं केलंस. त्यानं भिंतीशी बसलेल्या मनकर्णाकडे पाहिलं. ती सुपात शेंगा सोलत होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते मी लपवलं नाही.

माणसं पांगली. मी उठायला हवं होतं, पण दारातच राहिले.

"अक्का," तो मुंबईच्या भाषेत बोलू लागला, "तिथल्या एकानं मला सांगितलं होतं, अनाथ म्हटलं की परीक्षकांना जास्त..." एवढं बोलून तो थांबला. तिची मान खाली होती. तो भिंतीशीच बोलत होता.

तो उठला, तिच्यापुढे मांडी घालून बसला. लहानपणी भजन म्हणायला बसायचा तसा. अंग वाकवून तोंड अगदी खाली नेलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. दारातून मला स्पष्ट दिसलं.

"आक्का, बग की माज्याकडं."

पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. मनकर्णानं मान वर केली नाही. सुपातल्या शेंगा संपल्या, तेव्हा तिनं टरफलांत हात घातला आणि त्यांतच दाणे शोधत बसली.